पेटीचे पोटहुकूम

आमच्या गल्लीत कोणाच्या चुलीवर काय शिजणार हे चूल पेटायच्या आधी कळतं. मला दिवस गेले ही बातमी मला शेजारच्या सिंधूताईंनी सांगितली. मी स्वतः तोवर पित्त समजून आवळासुपारी चघळत होते. अशा गल्लीत कचेरीनं एक गुप्त पेटी पाठवली, आणि सोबत निरोप दिला की ही गोष्ट कुणाच्या कानावर जाता कामा नये. कचेरी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण कचेरी कधी गल्लीत राहिलेली नाही, तेव्हा तिला दोष देत नाही.

पेटी आली ती सायकलच्या कॅरियरवर, घोंगडीत गुंडाळून, भरदुपारी. आणणारे कचेरीचे शिपाई कारभारी. त्यांनी दारातूनच मोठ्यानं सांगितलं, "बाई, ह्याच्यात काहीच नाही."

लगेच समोरची दारं उघडली. सिंधूताई तर तांदळाचं सूप घेऊनच बाहेर आल्या.

"काही नाही म्हंता, अन् तुमाले उचलाले दम लागून राह्यला," त्या म्हणाल्या. "शिलाई मशीन हाय का व रुख्मिणी? की गाण्याचा रेडू?"

मी बी.ए. आहे. तर्कशास्त्र हा माझा आवडता विषय होता. तरी त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "लोणचं आहे." घोंगडीतून पितळी दांडी बाहेर आली होती. सिंधूताई दांडीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "कैरीले आता असे देठ येते का?"

हे सगळं कशासाठी, ते सांगते. त्या वर्षांत धान्याची टंचाई होती. आमचे हे धामणगाव बढ्याला सरकारी धान्यसाठ्यावर कारकून. कुठला साठा कधी उघडायचा हे बुलढाण्याहून फोनवर सांगत, आणि फोन म्हणजे एक्स्चेंज. तिथल्या माणसानं ऐकलं की कारकुनाच्या आधी बाजाराला कळे. म्हणून वरून पेट्या आल्या. इकडे ओळ बंद करायची, तिकडे उघडायची, मधे कोणी ऐकलं तरी ऐकणाऱ्याला नुसतं गबाळ. पेट्यांबरोबर माहितीची पुस्तिकाही आली होती. नुकतंच सगळं मराठीत करायचं ठरलं होतं, त्यामुळे तिच्यात 'कुंजिकानिर्मितीपूर्व गूढीकरणोपक्रम' असली वाक्यं होती. जळगाव जामोदच्या कारकुनानं ती वाचली आणि पेटीवर पाण्याचा माठ ठेवला.

तेव्हा कचेरीचे मोठे साहेब हिंमतराव यांनी ठरवलं की पुस्तिका साध्या माणसाच्या मराठीत पुन्हा लिहून घ्यायची. आमच्या यांनी धीर करून सांगितलं, "घरी बी.ए. आहे." साहेब म्हणाले, पुस्तिका चाचणीत उतरली, तर तुमची बदली बुलढाण्याला.

बदली हा शब्द ऐकून मी पेटीच काय, रेल्वेचं इंजिन घरात घेतलं असतं. आमची बेबी जन्मली तेव्हापासून हे धामणगावला. कधी एखाद्या शनिवारी एस.टी.नं येत. बेबी त्यांना पाहिलं की माझ्या मानेत तोंड खुपसून रडायची. रविवारी दुपारी कुठे ती त्यांच्या मिशीला हात लावायला तयार होई, तोच यांच्या परतीच्या गाडीची वेळ. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. मी तिला यांचा फोटो रोज दाखवायची, तर ती फोटो चाटायची. मी घाबरट आहे, असं सगळेच म्हणतात. पण ज्या पोरीला बाप पाहुणा वाटतो तिची काळजी करायला फार घाबरट असावं लागत नाही.

तर पेटी. आकार शिवणयंत्राच्या डोक्याएवढा. वर पितळी चाकं, त्यांच्या कडेला अक्षरं कोरलेली, काना-मात्रांचं एक वेगळं बारकं चाक. समोर फळी, तिच्यात खुंट्या. मोठी खुंटी म्हणजे हुकूम: किल्ली घडव, बंद कर, उघड. प्रत्येक हुकमाच्या पोटात बारक्या खुंट्या: सहीसकट की बिनसहीचं, जुन्या किल्लीनं की नव्या, खूण ठेवून की न ठेवता. या बारक्या खुंट्यांना मी पोटहुकूम असं नाव दिलं आणि मला ते इतकं आवडलं की दिवसभर येता-जाता मनात म्हणत होते. किल्ली म्हणजे लोखंडाची नव्हे, एक शब्द. तो चाकांवर लावायचा, खुंट्या बसवायच्या, मजकूर द्यायचा आणि दांडी फिरवायची.

पहिल्यांदा मी लिहिलं, 'बेबीला दात येतो आहे.' किल्ली लावली, दांडी फिरवली. पेटीतून निघालेल्या कागदी पट्टीवर उमटलं ते असं काही की वाचता वाचता जीभ टाळूला चिकटावी. बेबी नाही, दात नाही. मग 'उघड'ची खुंटी लावली, तीच किल्ली, दांडी उलटी. आणि एकेक अक्षर करत माझं वाक्य परत आलं. जसंच्या तसं. माझ्या अंगावर काटा आला. कुठे गेलं होतं ते मधल्या वेळात? पट्टीवरच होतं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मलाच दिसत नव्हतं. मी देवघरासमोर बसावं तशी त्या पेटीसमोर बसून राहिले. दूध उतू गेलं.

"काय जळलं व?" आतून सासूबाई. त्यांचं नाव गोजरबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी येऊन पेटीकडे पाहिलं. "येवढ्या खटल्याले येका शब्दाचं कुलूप? आपल्या कनगीले दोन कुलपं हाय, तरी उंदीर जातेच."

मी म्हटलं, "आत्याबाई, हा शब्द कळल्याशिवाय कुणाला काही उघडता येत नाही."

"अन् शब्द इसरला तर?"

"तर मलाही नाही."

आत्याबाईंनी पेटीला दुरूनच नमस्कार केला.

मी लिहायला बसले. एकेका पोटहुकमाला एकेक परिच्छेद, खाली उदाहरण. लिहिलेलं पान संध्याकाळी कारभारी घेऊन जात आणि कचेरीत त्यावर 'गोपनीय' असा शिक्का बसे. एकदा मला मागचं एक पान पाहायचं होतं, तर कारभारी म्हणाले, "नाही जमत बाई. गोपनीय कागद फक्त अधिकृत मानसालेच दाखवता येते. तुमी अधिकृत नाही."

"अहो, पण मीच लिहिलंय."

"लिव्हाची परवानगी हाय. वाचाची नाही."

मी साहेबांकडे अर्ज केला. उत्तर आलं की कोणतं पान पाहायचं त्याचा क्रमांक कळवावा. क्रमांक कचेरीत टाकत. क्रमांक कळण्यासाठी पान पाहावं लागलं असतं.

'खूण' नावाचा एक पोटहुकूम होता. बंद केलेल्या ओळीच्या आधी एखाद-दुसरा शब्द उघडा ठेवायचा, ज्यावरून उघडणाऱ्याला किल्ली आठवावी. मला ते हास्यास्पद वाटलं. कुलूप लावायचं आणि दारावर किल्लीचा पत्ता चिकटवायचा? मी बाणेदारपणे लिहिलं, 'या पोटहुकमाचा विशेष उपयोग दिसत नाही.' ते पान गेलं.

सगळ्यात मन लावून मी लिहिला तो किल्लीचा नियम. 'किल्ली कागदावर लिहू नये. कुणाला सांगू नये. किल्ली म्हणून असा शब्द निवडावा, जो आपल्या तोंडून कधीही निघत नाही.' हे वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला आणि पुढच्याच क्षणी असा शब्द सुचलाही. माझ्या तोंडून जन्मात न निघणारा एकच शब्द आहे. आमच्या यांचं नाव. आता, कॉलेजात मी या विषयावर वादविवादात बोलले आहे आणि नाव घेतल्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण माणूस धामणगावला, येणं-जाणं एस.टी.नं, घाटातला रस्ता. कशाला उगाच? चाकांवर अक्षरं फिरवणं म्हणजे काही तोंडानं घेणं नव्हे. मी किल्ली लावली आणि निश्चिंत झाले. असली भक्कम किल्ली जिल्ह्यात दुसरी नसेल, असं मला वाटलं.

चाचणीला कचेरीत बोलावणं आलं. बेबीला दात येत असल्यानं ती आत्याबाईंकडे राहीना, म्हणून आत्याबाईही आल्या, आणि आत्याबाईंचा गुडघा धरतो म्हणून सिंधूताई आल्या. गुप्त कामाला आम्ही अशा वऱ्हाडासारख्या गेलो.

हिंमतराव साहेब म्हणजे भरदार मिशा आणि बारीक आवाज. त्यांनी माझी बंद ओळ हातात घेतली. "छान. किल्ली काय?"

मी म्हटलं, "पुस्तिकेच्या नियमाप्रमाणे सांगता येत नाही."

साहेबांच्या मिशा वर गेल्या. ते खूश झाले होते. "मग बघू या, कोणाला उघडते का." त्यांनी बुलढाणा लावून पाहिलं, ज्वारी लावून पाहिलं, बेबी लावून पाहिलं. दांडी फिरे आणि गबाळच निघे. मी खुर्चीत जरा ताठ बसले. साहेबांनी ड्रॉवर उघडून बदलीचा कागद टेबलावर काढला. मला तो उलटा दिसत होता, तरी मी वाचला.

तेवढ्यात सिंधूताई बेबीला थोपटत म्हणाल्या, "पुस्तकात नियम काय हाय म्हंता, साहेब?"

साहेबांनी वाचून दाखवला. जो आपल्या तोंडून कधीही निघत नाही.

"मंग त्याच्यात काय," सिंधूताई म्हणाल्या. "हिच्या नवऱ्याचं नाव लावा."

साहेबांनी हजेरीपट पाहिला. त्यात इंग्रजी आद्याक्षरं आणि आडनाव. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बेबीच्या टोपड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. "मावशी, मुलाचं नाव?"

आत्याबाईंनी पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड केलं. कारण आमच्या यांना यांच्या आजोबांचं नाव ठेवलं आहे, आणि ते आत्याबाईंचे सासरे. त्यांनी पोटच्या पोराला जन्मभर 'बाबू' म्हणूनच हाक मारली. अशा रीतीनं बायको नाव घेईना, आई घेईना आणि दप्तरात नाव सापडेना; सरकारी यंत्रणा काही वेळ जागच्या जागी थांबली. मग सिंधूताईंनी खणखणीत आवाजात नाव घेतलं. मी ते इथे लिहीत नाही. साहेबांनी चाकं लावली, दांडी फिरवली, आणि पट्टीवर 'बेबीला दात येतो आहे' असं सरळ उमटलं.

"येवढंच?" सिंधूताई म्हणाल्या. "हे तर मले मंगळवारीच समजलं होतं."

साहेबांनी कारभाऱ्यांनाही एक ओळ बंद करायला लावली. सिंधूताईंनी पेटीकडे न पाहता सांगितलं, "अंबूबाई." उघडली. कारभारी लाजून बाहेर गेले.

"बाई," साहेब मला म्हणाले, "तुमच्या नियमानं चाललो तर ह्या सिंधूताई एका दुपारी सगळ्या जिल्ह्याचे साठे उघडतील." त्यांनी बदलीचा कागद पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. "येत्या बाजाराच्या दिवशी शेवटची चाचणी. ओळ फोनवरून धामणगावला जाईल, एक्स्चेंजनं ऐकली तरी चालेल, आणि ह्या सिंधूताई इथं पेटीपाशी बसतील. तुमच्या मालकांनी पुस्तिका वाचून ओळ उघडली पाहिजे, ह्यांना उघडता येता कामा नये. तुम्ही दोघांनी किल्ली आधी ठरवून ठेवायची नाही; खऱ्या कामात तेवढी सवड कुठं मिळते? तोवर त्यांची रजा बंद. नाही जमलं तर ही जागा मी पिंपळगाव राजाच्या कारकुनाला देतो."

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. म्हणजे गल्लीलाही माहीत. जी ती मला किल्ल्या सुचवू लागली. कोणी म्हणालं कुलदैवत लाव, कोणी म्हणालं गाईचं नाव लाव. "सवतीचं लाव," एक म्हातारी म्हणाली. मला सवत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हनूनच कोनाले वळखू येनार नाही."

मी माझं सगळं आयुष्य चाळलं. काय आहे जे मला आणि यांनाच ठाऊक आणि गल्लीला नाही? मला काय आवडतं, कशाची भीती वाटते, यांना घोरताना कोणत्या कुशीवर वळवावं लागतं, सगळं सिंधूताईंना माहीत होतं. काही गोष्टी तर माझ्याआधी. माणसाची बी.ए.पर्यंतची बुद्धी आणि संसार मिळून एकही गुपित तयार होऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि मग तांदूळ निवडताना आठवलं.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा परातीत तांदूळ पसरून त्यांच्यावर नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, तसं आमच्याकडेही झालं. रुख्मिणी हे नाव ठरलेलं होतं. पण हे इतके घाबरले होते की त्यांनी भलतंच लिहिलं. माझे वडील मला घरात ज्या नावानं हाक मारत, ते. शाळेतलं नाही, पत्रिकेतलं नाही. मला बघायला आले होते तेव्हा वडिलांनी आतून एकदा हाक मारली, तेवढंच यांनी ऐकलेलं. परात खाली जमिनीवर होती, वाकून एकट्या भटजींनी वाचलं आणि विचारलं, "हे कोण?" आत्याबाई म्हणाल्या, "काय लिवलं बे बाबू?" आणि तळहातानं तांदूळ सारखे केले. यांनी पुन्हा लिहिलं, रुख्मिणी. वडील पुढच्याच वर्षी गेले. ते नाव त्यानंतर मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. यांच्याही नाही.

किल्ली मिळाली होती. पण ही किल्ली मी लावली आहे, हे यांना कळणार कसं? खूण. तोच पोटहुकूम, ज्याचा विशेष उपयोग दिसत नाही.

मी धावत कचेरीत गेले. म्हटलं, एक वाक्य खोडायचं आहे. कारभारी म्हणाले, पुस्तिका मोहोरबंद होऊन धामणगावला गेली. आता जिल्ह्यात ती वाचायला अधिकृत असे दोनच जण होते, साहेब आणि माझा नवरा. आणि माझा नवरा छापील, लिखित, शिक्का मारलेलं काहीही खरं मानतो. पंचांगात प्रवास वर्ज्य असेल तर ते नळावरही जात नाहीत. खुणेचा उपयोग नाही असं पुस्तिकेत असेल, तर ते खुणेकडे बघणारच नाहीत.

बाजाराच्या दिवशी आम्ही पुन्हा सगळ्या कचेरीत. मजकूर साहेबांनी दिला: 'साठा उघडू नये.' मी पेटी भिंतीकडे वळवून किल्ली लावली आणि खुणेची खुंटी बसवली. ट्रंक कॉल लागला. साहेब फोनवर ओरडून एकेक अक्षर सांगत होते आणि बाहेर भाजी घ्यायला आलेली माणसं खिडकीशी जमत होती. "आधी खूण," साहेब ओरडले. "तांदूळ. आधीचा."

सिंधूताईंनी बाह्या सावरल्या. "आधीचा तांदूळ म्हंजे जुना तांदूळ. जुना तं चिन्नोर तांदूळच चांगला, चिन्नोर लावा." गबाळ. "कनगी लावा." गबाळ. मग त्यांचे डोळे चमकले. "थांबा. तांदळात तं नाव लिवते. रुख्मिणी लावा, साहेब."

साहेबांनी लावलं. दांडी फिरली. मी डोळे मिटले.

"गबाळ," साहेब म्हणाले.

सिंधूताई आत्याबाईंकडे वळल्या. "गोजरबाई, तुमी तं होत्या न तवा. काय लिवलं होतं बाबूनं?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर संपलं होतं. आत्याबाईंनी आपला उजवा तळहात जरा वेळ पाहिला, मग पदराला पुसला. "मले का वाचता येते व माय?" त्या म्हणाल्या. "लिवलं असन काही."

फोनमध्ये नुसती खरखर. साहेबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, त्यामुळे खिडकीतल्या माणसांनाही ऐकू येत होतं. बेबी साहेबांचा कागददाब चोखत होती. तो काढून घ्यायची माझी हिंमत नव्हती. त्याच्याखाली साहेबांनी बदलीचा कागद काढून ठेवलेला मी पाहिला होता.

मग खरखरीतून आमच्या यांचा आवाज आला. "साठा उघडू नये. बरोबर का, साहेब?"

साहेबांनी विचारलं, "कसं उघडलं?"

"पुस्तिकेत लिहेल हाय का खुणेचा उपयोग नाही," हे म्हणाले. "पण मले दिसला."

मी लग्नानंतर यांना एखादा शिक्क्याचा कागद झुगारताना पहिल्यांदाच ऐकत होते. घाट, एक्स्चेंज, बाजाराचा गलका, सगळं ओलांडून तो परातीतला पुसलेला शब्द तिकडे पोचला होता आणि तिथे तो आधीपासूनच होता. पेटीनं काय केलं मग? मला अजून नीट सांगता येत नाही. पुस्तिका लिहिली मी, तरी.

"साहेब, आणखी येक ओळ हाय," फोनमधून आवाज आला. "त्याच किल्लीनं बंद केली. पुस्तिकेच्या लेखिकेसाठी."

साहेबांनी अक्षरं उतरवून कागद माझ्याकडे दिला. मी पेटी पुन्हा भिंतीकडे वळवली. दांडी फिरवली. पट्टीवर उमटलं, 'मला तेच आवडलं होतं. आईला सांगू नको.'

"काय म्हंते बाबू?" आत्याबाईंनी विचारलं.

"साठा उघडू नये म्हणतात."

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "दिसून राह्यलं तुह्या तोंडावर."

बदली झाली. बेबी दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिनं यांची मिशी धरली आणि अजून सोडलेली नाही. पुस्तिका जिल्हाभर गेली; ती चांगली आहे असं म्हणतात. मला वाचायची परवानगी नाही. जळगाव जामोदच्या कारकुनानं माठ खाली ठेवला म्हणे.

सिंधूताई मात्र हार मानत नाहीत. रोज सकाळी भाजी निवडता निवडता भिंतीपलीकडून एखादं नाव टाकतात. "चंद्रभागा?" मी मान हलवते. "शेवंता?" नाही. "बकुळा तं नाही?" आत्याबाई शेजारी बसून ऐकतात आणि शेंगा सोलत राहतात. किल्ली अजून चालू आहे, म्हणून मीही इथे लिहिलेली नाही.